थोरल्या पातीचा तारा, धाकट्या पातीचे किरण

संस्थानं विलीन होऊन चाळीस वर्षं होत आली, तरी देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती या दोन संस्थानांमधली, भर रस्त्यातून गेलेली रेघ काही पुसली नव्हती. त्या रस्त्यावर म्हैस बसली, तर पुढून वैरण थोरल्या पातीनं घालायची, मागून शेण धाकट्या पातीनं उचलायचं, आणि दुधावरून वाद इतका रंगायचा की म्हैस कंटाळून आटायची. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

अशा गावात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या भास्कररावांना सत्त्याऐंशीच्या गणेशोत्सवात व्याख्यान मिळालं. उभ्या हयातीतलं पहिलं, पण मांडव दोन. त्याच वर्षी दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटून पेपरांत गाजला होता. भास्कररावांना सांगायचं होतं ते एवढंच, की मरताना असे फुटणारे तारे, आणि अणुबाँबच्या चाचण्यांवर पहारा करणाऱ्या उपग्रहांना अवचित सापडलेले गॅमा किरणांचे लोट, ही एकाच घरची लेकरं असावीत.

"तारा आमच्या मांडवात," थोरल्या पातीचे मोरोपंत म्हणाले.

"मग किरण आमच्याकडे, दुसऱ्या दिवशी," धाकट्या पातीचे उदाजीराव म्हणाले.

"अहो, पण दोघांचा संबंध हाच तर विषय आहे."

"देखो भिया," उदाजीराव म्हणाले, "त्यांच्या ताऱ्यावाचून आमच्या किरणांचं काय अडलंय?"

भास्कररावांनी घरी येऊन कपाळावर हात मारला. "रस्त्यातच उभे राहा की," भाजी चिरता चिरता त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या.

तसंच ठरलं. टेबलाचे दोन पाय इकडे, दोन तिकडे. तारा म्हटलं की डावीकडे टाळ्या आणि उजवीकडे सुपारी कातरणं. किरण म्हटलं की उलटं. शेवटी भास्कररावांनी मुद्दा मांडलाच: दोन्हींचं मूळ एकच असावं.



"पुरावा?" मोरोपंतांनी विचारलं.

एक थाप मारली असती, तर गाव जिंकलं असतं. भास्करराव खरं तेच बोलले. "पुरावा अजून नाही. काही शास्त्रज्ञांना नुसता संशय आहे."

"ऐकलंत उदाजीराव? पुरावा नाही."

"नाहीच मोरोपंत. आम्ही कधीचं तेच म्हणतोय."

चाळीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्या आनंदात हातात हात घालून ते चहाला निघाले आणि दोन्ही पात्या त्यांच्या मागून गेल्या.

"अहो, या टेबलाचं काय करू?" भास्कररावांनी टेबलाजवळूनच ओरडून विचारलं.

"आमच्याकडचे दोन पाय सकाळी पोचवा, मास्तर," उदाजीराव मागे न बघता म्हणाले.