एक शर्ट, पस्तीस माणसं

मंदीत माणूस आधी काय बंद करतो? फोटो काढणं. लग्नंसुद्धा घाईघाईत उरकली जात होती, तिथे फोटोवालीला कोण पुसतो? त्यामुळे पूरमदत कार्यालयाचं बोलावणं आल्यावर तिने आढेवेढे घेतले नाहीत. कॅमेरा पुसला आणि निघाली.

तिथल्या साहेबांनी तिच्या हातावर एकच रोल ठेवला. "छत्तीस फोटो निघतात. घरं पस्तीस. ब्लँकेट घेताना प्रत्येक घराचा एक. छत्तिसावा माझा, वाटप करताना. एक जरी वाया गेला तरी पुढचं काम विसरा, बाई."

"कोणी डोळे मिटले तर?"

"मिटू देऊ नका."

नदीकाठच्या गल्लीतलं पाणी उतरलं होतं, चिखल मात्र गुडघाभर होता. रांगेत बहुतेक पुरुष उघडेच. फोटोचं नाव काढताच सुतार भडकला, "ह्या अवतारात? उद्या मेलो तर घरचे भिंतीवर हाच लावतील!"

इस्त्रीवाला पुढे आला. "एक शर्ट वाचलाय. माळ्यावर होता. पण गिऱ्हाइकाचा आहे, लेको. चिखल लागला तर एकेकाची सालटी काढीन."

झालं! चौकटीचा शर्ट सुताराने चढवला, ब्लँकेट घेतलं, फोटो निघाला, शर्ट उतरला. मग कुंभार, मग नावाडी. बाह्या कुणाच्या कोपरापर्यंत, कुणाच्या बोटांखाली. सुईणमावशीच्या अंगावर धड कपडे होते, तरी तिने त्यांच्यावरून शर्ट चढवला. "का? मीच काय घोडं मारलंय?"

सगळी गल्ली खदाखदा हसत होती. चिखल लागू नये म्हणून शर्ट डोक्यांवरून, हातोहात पुढे सरकत होता. वर केलेले उघडे हात आणि त्यांच्यावर तरंगणारा तो शर्ट फोटोवालीने पाहिला आणि तिचं बोट कळीवर पडलंच.

"गेले साहेब!" ती पुटपुटली.

"कोण गेलं?" नावाड्याने विचारलं.

"कोणी नाही. नीट उभे राहा."

शेवटी इस्त्रीवाला उरला. तो उघडाच उभा राहिला. "गिऱ्हाइकाचा कपडा अंगात घालायचा नाही, बापाची शिकवण आहे."

"अन् गल्लीभर घालायला दिलास तो?"

"मी घातला का? नाही ना!"

संध्याकाळी साहेब आले आणि ब्लँकेट हातात धरून गोड हसले. फोटोवालीने रिकाम्या कॅमेऱ्याची कळ दाबली. खट्. साहेब खूश.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयातून तपासनीस उगवला. त्याने टेबलावर फोटो मांडले आणि घरांवर घालायचे पत्रे अडवून धरले. गल्लीतले चारजण आणि फोटोवाली समोर उभे, मदत कार्यालयाचे साहेब बाजूला.

"एकच माणूस चौतीस वेळा ब्लँकेट घेऊन गेला. शर्ट बघा!"

"साहेब, चेहरे बघा की," सुतार म्हणाला.

"दाढी वाढली की तुम्ही सगळे सारखेच दिसता."

"अन् ही मी?" सुईणमावशीने फोटोवर बोट आपटलं.

"वेषांतर!" तपासनीस म्हणाला. मग त्याने इस्त्रीवाल्याचा फोटो उचलला. "एवढा एकच खरा पूरग्रस्त."

आता बोला! चेहरा ओळखायचा तर माणसाजवळ जावं लागतं, बूट चिखलात घालावे लागतात. शर्ट खुर्चीत बसूनही दिसतो.

फोटोवालीच्या पिशवीत छत्तिसावा फोटो होता. साहेबांना 'तुमचा मोठा करून देते' म्हणत तिने पंधरा दिवस काढले होते. तो बाहेर काढला की साहेबांचा फोटो निघालाच नाही हे उघडं पडणार, आणि पुढच्या कामाच्या नावाने आंघोळ. नाही काढला तर पस्तीस घरांना छप्पर नाही. तिने साहेबांकडे पाहिलं, सुईणमावशीकडे पाहिलं. "गेलं खड्ड्यात काम," असं मोठ्यानेच म्हणत तिने फोटो टेबलावर आपटला.

डोक्यांवरून निघालेला शर्ट. खाली ओळीने सुतार, कुंभार, नावाडी, मावशी. पुरुष उघडेवाघडे आणि सगळेच हसून बेजार.

तपासनीसाने फोटोतला एकेक चेहरा समोरच्या माणसांशी ताडून पाहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसता हसताच त्याने पत्र्यांच्या कागदावर सही ठोकली. "पण शर्ट कुणाचा?"

इस्त्रीवाला खाकरला. "आपल्या ह्या साहेबांचा. पुराच्या आदल्या दिवशी टाकला होता. धुऊन ठेवलाय. कोळसा ओला, म्हणून इस्त्री तेवढी राहिली."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. चौकट ओळखली. चेहऱ्याचा रंग उडाला. "आणि बाई, माझा फोटो?"

"तुम्ही एकच मागितला होता, साहेब," फोटोवाली म्हणाली. "चौतीस निघालेत. फक्त मुंडकं दुसऱ्याचं आहे."

सगळ्यात मोठ्याने तपासनीस हसला. सुतार मात्र केव्हाच दाराबाहेर पडला होता आणि पत्र्यांना खिळे कोण देणार म्हणून ओरडत होता.