विमानाच्या नावाची चूल

दोन वर्षं मी लोखंडी चुलीवरची भाकर खाल्ली, आणि तीही एका विमान कंपनीसाठी. मोताळ्याच्या पुढे आमचं गाव. इथे विमान कुणी जवळून पाहिलेलं नाही. पण अर्पिता नावाच्या पुण्याच्या ताई आल्या, बिनधुराची चूल फुकट दिली, तिच्यावर नंबराची पट्टी ठोकली आणि म्हणाल्या, तुम्ही जेवढा धूर वाचवाल तेवढा विमानाला माफ.

"आन् आमी मातीची चूल पेटवली तं?" माझ्या बायकोने, सत्यभामाने विचारलं.

"मग विमान उडणार कसं?" ताई हसल्या.

सत्यभामा हसली नाही. आमची पोरगी रुपाली त्याच आठवड्यात नर्स म्हणून जर्मनीला निघाली होती. त्या दिवशी मातीच्या चुलीवर परात पालथी पडली. निखाऱ्यावर फुगवलेली भाकर मला बंद झाली. पुरणपोळीलाही सूट नाही. मी आठ दिवस अबोला धरला. तिने तो पाळू दिला.

परवा अर्पिताताई पुन्हा आल्या. कंपनीचं मत बदललं होतं. आधी म्हणे या धुराच्या सौद्याला तिचा विरोध होता, मग तिने तोच सौदा डोक्यावर घेतला, आणि आता म्हणते, चुलीचा धूर आम्ही हिशेबात धरत नाही, विमानातच चांगलं तेल घालू. आमच्याकडे इतक्या वेळा फिरणाऱ्याला निदान सरपंच तरी करतात.

ताईंनी चूल उचलून गाडीत टाकली. ती दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या कंपनीच्या नावाने लागणार होती. "तुम्ही मोकळे," म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला की मी स्वतः कापसाच्या पऱ्हाट्या मोडून मातीच्या चुलीत घातल्या. काडी ओढणार, तोच सत्यभामाने हात धरला.

"थांबा. रुपाली इमानात हाय."

दोन वर्षांनी पोरगी सुटीवर येत होती. आदल्या रात्री बसली होती, दुपारी मुंबईला उतरणार होती.

"अवं, कंपनीनंच सोडलं ना आता."

"कंपनीचं मत बदलते. इमान तं वरतच हाय ना?"

शास्त्र मला कळतं. तरी काडीपेटी मी खिशात ठेवली. दोघं पाणी पिऊन बसून राहिलो.

पावणेतीनला फोन आला. "आई, उतरले."

सत्यभामाने डोळे पुसले आणि आधी विचारलं, "परत जायाची तारीख कोणती वं?"

आत्ताच तर आले, म्हणून रुपाली रागावली. पण तारीख सांगितली. सत्यभामाने कॅलेंडरवर त्या दिवसाखाली लिहिलं, चूल बंद.

मी म्हटलं, "आदल्या दिवशी चार भाकरी जास्तीच्या टाकजो."