रांगेतला डबा

संस्थेच्या पोरींनी आम्हाला ज्वारी दिली, गहू दिले, डाळ दिली, तेलाची पिशवी दिली, दात घासायचा ब्रशसुद्धा दिला. तोंडात दात किती उरलेत, ते विचारलं न्हाई. ज्वारी दळायची कुठं, तेबी विचारलं न्हाई. त्यांच्या शहरात ज्वारी पीठ होऊनच उगवत असंल.

आमच्या गावात गिरणी एकच. वरच्या आळीत, कारभारी पाटलाची. वेशीवरच्या कमानीच्या नावावरून भांडण पेटलं आणि आमच्या वस्तीतली घरं जळाली, तेव्हापासून आमच्यापुरता त्या गिरणीचा पट्टा तुटला होता. सकाळ झाली की गिरणी घरघर वाजायची, सारं गाव दळून न्यायचं. आमचं कोणी डबा घेऊन दिसलं, की पट्टा तुटायचा. टेंभुर्णीला दळायला जावं, तर बाईच्या कामाचा दिवस बुडतो. पोरं ज्वारी भिजवून, शिजवून खात होती. शिजवलेली ज्वारी खाऊन माणूस जगतं, पण जेवलं असं म्हणत न्हाई.

आम्ही तेव्हा शाळेमागं पत्र्याच्या शेडांत राहत होतो. माझा लेक राजानंद, मी आणि बाकीची वस्ती. एक दिवस संस्थेची अर्पिता जीप घेऊन आली. जीपमध्ये पांढरं कपाट असावं तशी घरघंटी. विजेवर चालणारी, घरातल्या घरात दळणारी.

"आजी, ही तुमची स्वतःची गिरणी," ती म्हणली. "आता कुणाच्या दारात जायला नको."

बाया हरखल्या. शेजारच्या शेडातली नंदाबाई तर त्या मशीनवरून हात फिरवायला लागली, जशी काय नवी म्हैस आणली.

मी म्हणलं, "दारात जायला नको, हेच तर वरच्यांना पाहिजे."

राजानंद चिडला. "आई, तुला पीठ पाहिजे का मान पाहिजे?"

"दोन्ही. तुझ्या बापानं दोन्ही मिळवून खाल्लं."

"बाप गेला. घर जळालं. आता तरी जरा वाकून बघ."

"वाकून काय बघू? आज गिरणी वेगळी झाली. उद्या नळ वेगळा होईल, परवा शाळेतली पोरं वेगळी बसतील. मंग आपण या गावचे, हे कुणाला सांगायचं? ह्या कपाटाला?"

अर्पिता गुणाची पोरगी. आमचं संपू दिलं. मंग म्हणली, "आजी, दुसऱ्या एका गावातूनही मशीनची मागणी आहे. मी रविवारपर्यंत थांबते. तोवर गावच्या गिरणीनं तुमचं दळलं, तर हे मशीन तिकडं देऊ."

"दळलं म्हणूनच समज," मी साऱ्यांच्या देखत बोलले. कडूबाची बायको आहे मी. ह्या गावात सून म्हणून आले, पाहुणी म्हणून न्हाई.

दुसऱ्या दिवशी डबाभर ज्वारी घेऊन मी वर गेले. कारभारी पाटील गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मला बघितलं, हात मागं नेला, खटका खाली. गिरणी हुंकारत बंद पडली.

"पट्टा तुटलाय, चांगुणा."

"आत्ता तर वाजत होती."

"आत्ताच तुटला."

"गुणाचा पट्टा आहे, पाटील. माणूस वळखून तुटतो."

रांगेतल्या दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. पाटलाचा चेहरा काळवंडला. "तोंड आवर. भारतवरची केस मागं घ्या, पट्टा आपोआप जुळल."

भारत त्यांचा लेक. जाळपोळीत नाव आहे त्याचं, जामिनावर सुटून आल्ता.

"केस एकट्या माझी न्हाई, जळाल्या घरांची आहे. घरं होती तशी उभी करा, मंग बोलू. आणि पाटील, तुमच्या बापाच्या वेळेपासून आमच्या मागं तुमचं दळण लागायचं. गिरणीच्या दगडी पाळीत आमचं मूठभर पीठ राहायचं, ते तुमच्या डब्यात पडायचं. आजवर कुणाचं पोट दुखलं न्हाई."

त्यावर कोणी हसलं न्हाई. मी माझा डबा रांगेच्या शेवटाला ठेवला. आमच्याकडं रांगेत डबा ठेवला की माणूस उभं राहिल्यासारखंच. दुसऱ्याचा डबा मागं सारायचा न्हाई, ही जुनी रीत. "पट्टा जुळला की नंबर येईल," म्हणलं आणि निघाले.

पाटलाची बायको सगुणाबाई घराच्या उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. आम्ही दोघी एका वयाच्या. ती मला चांगुणे म्हणती, मी तिला सगुणाबाई, तेवढा फरक गावानं पहिल्यापासून ठेवला. पण तरुणपणी एका सरीत खुरपलं, आणि गावात सही शिकायचा वर्ग भरला तेव्हा एकाच पोत्यावर बसलो. माझी सही आधी आली. तिला अजून त्याचा राग आहे.

डबा तिथंच राहिला. बायांनी रीत मोडली न्हाई. कोणी माझा डबा मागं सारला न्हाई, सगळ्यांनी आपले डबे त्याच्या पुढून नेले. रांगच सरकून पलीकडं गेली. माझा डबा भिंतीला एकटा. मी रोज जायची, बघायची, यायची.

राजानंद म्हणाला, "पोलिसाला घेऊन जाऊ. बंदोबस्ताची गाडी उभीच आहे चावडीपाशी."

"पोलिसानं दळून दिलेलं पीठ पचत न्हाई," मी म्हणलं.

शनिवारी गेले, तर गिरणीला कुलूप आणि डबा गायब. फेकला असंल, म्हणलं. मागच्या बाजूला उकिरड्यात बघावं म्हणून वळले, तर पाटलाच्या गोठ्याच्या भिंतीवरून हाक आली.

"ए चांगुणे! हा घे तुझा डबा. जागा अडवून बसलाय."

सगुणाबाईनं डबा भिंतीवर ठेवला. मी उतरवून घेतला, झाकण उचललं. पीठ!

"दळलं?"

"न्हाई, पेरलं. दिसत न्हाई का?"

"पाटील कुठं गेले?"

"जालन्याला. भारतची तारीख आहे, दोघं बाप-लेक पहाटेच गेले. सूनबी माहेरी गेल्ती, ती येईलच आता. जल्दी नीघ."

"सगुणाबाई, गिरणी तुम्ही चालू केली?"

"लई चौकशा करतीस. पीठ पाहिजे होतं ना? मंग बोळातून जा, चौकातून मिरवू नको."

एवढ्या उन्हात तिनं दोन्ही हात पदराखाली धरले होते. माझं लक्ष पिठाकडं.

बोळातून गेले खरी, पण शेडापाशी पोचल्यावर गप्प राहावलं न्हाई. डबा ओट्यावर आदळला. "बघा गं! दळून आलं! गावच्या गिरणीत दळून आलं!" बाया धावल्या. नंदाबाईनं चिमूटभर पीठ तोंडात टाकलं. अर्पितानं टाळ्या वाजवल्या, माझे हात धरले, म्हणली, "आजी, तुम्ही जिंकलात." तिनं तिथल्या तिथं त्या दुसऱ्या गावाला फोन लावला. राजानंद माझ्याकडं बघून हसला. आग लागल्यापासून पहिल्यांदा हसला. मशीन उद्यावर कशाला ठेवायचं, आत्ताच जीपमध्ये चढवू, असं ठरलं.

मी चुलीपाशी बसले. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागले.

हाताला कण बोचले.

गिरणीचं पीठ मऊ, त्याला पाळ्या तापल्याचा करपट वास. ह्याला वास न्हाई. भाकर थापायला घेतली, तर कडा चिरत गेल्या. हे जात्यावरचं पीठ होतं. हातानं ओढलेलं, भरड.

मंग मला तिचे पदराखालचे हात दिसले.

पाटलाच्या माजघरात जातं आहे, लग्नाच्या हळदीपुरतं. डबाभर ज्वारी त्याच्यावर ओढायला दोन तरण्या बाया लागतात. हिनं एकटीनं ओढली. सून घरात न्हाई, पुरुष न्हाईत, असं बघून, दार लावून. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून थांबत थांबत ओढली असंल. कुलपाची किल्ली तर पाटलाच्या करगोट्याला. आणि किल्ली हातात असती, तरी गिरणीचा आवाज साऱ्या गावाला गेला असता. कुणाचं दळण, म्हणून चार जण दारात आले असते.

जिच्या घरची गिरणी, तिलाच ती उघडता येत न्हाई. मी कुणाच्या भरवशावर डबा ठेवून आल्ते?

बाहेर "हं, उचला, बराबर धरा" असं चाललं होतं. मी पिठाच्या हातानं उठले.

"थांबा. उतरवा ते."

"का?" राजानंदनं विचारलं.

"गिरणीनं दळलं न्हाई."

"मंग हे पीठ?"

मी पिठाचे हात पदराला पुसायला लागले. नाव घेतलं असतं, तर संध्याकाळपर्यंत वर पोचलं असतं. आमच्यात पोटात ठेवणारं कोण आहे? पाटील आणि भारत घरी आले असते, आणि तिला म्हणले असते, हात दाखव.

राजानंद माझ्या हाताकडं बघत राहिला, परातीकडं बघितलं, पीठ चोळलं. त्याच्या आजीच्या हातचं जात्यावरचं खाल्लंय त्यानं, त्याला कळलं. हसू गेलं तोंडावरचं. "आई, हे जात्यावरचं आहे. तूच दळलंस. कुठून तरी जातं काढलंस आणि हट्टापायी साऱ्यांना खोटं सांगितलंस."

बायांनी माना खाली घातल्या. नंदाबाई पुटपुटली, "म्हातारीचं बिलकुल ऐकायला नको होतं."

जन्मात मी कुणाचं ऐकून घेतलं न्हाई. माझ्या तोंडाला गाव भितं. त्या तोंडानं मी म्हणलं, "व्हय. म्याच दळलं."

राजानंद तोंड फिरवून जीपकडं गेला. अर्पिता जवळ आली. "जाऊ द्या आजी, होतं असं," म्हणली. लहान पोरानं चड्डीत केल्यावर जसं म्हणतात, तसं. लेकाच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मशीन मधल्या शेडात बसवलं. अर्पितानं त्या गावाला पुन्हा फोन करून माफी मागितली. तिकडच्या बाईचा आवाज मला इथवर ऐकू आला, ती काही भांडत नव्हती, नुसती "बरं, बरं" म्हणत होती. नंदाबाईचं दळण पहिलं लागलं. आमच्या साऱ्या बायांचे डबे एकामागं एक लागले.

मी भाकरी भाजल्या. चिरलेल्या, जाड. राजानंद जेवला न्हाई, दोस्ताकडं जाऊन येतो म्हणाला. मी एकटीनं खाल्ल्या, एक कण सांडू दिला न्हाई. मशीन शेडात घरघरत होतं. आता आमच्यातल्या कुणालाच वरच्या आळीत जायला काही कारण उरलं न्हाई, आणि मला तर सगुणाबाईचे हात कसे आहेत, हे विचारायलाबी जाता यायचं न्हाई.