उलटं रीळ

"आधी कोण हसलं?" पक्षाच्या सेक्रेटरी फानने तिसऱ्यांदा विचारलं.

कम्यूनच्या मक्याच्या गोदामात दोनशे माणसं माना खाली घालून बसलेली. खिडक्यांवर टांगलेल्या गोधड्या अजून तशाच होत्या. भरदुपारी काळोख करून क्रांतीच्या बॅलेचा सिनेमा दाखवा, असा वरून हुकूम! दोन गावांना मिळून प्रत एकच. वरच्या गावात एक रीळ संपलं की ते सायकलवरून इथे यायचं. पाठवणाऱ्याने रीळ परत गुंडाळून, सुरुवातीचं टोक वर आणूनच पाठवायचं, हा या धंद्यातला धर्म. आज चौथं रीळ तसं आलं नाही. यंत्र चालवणाऱ्या छूमास्तरांनी ते घाईत तसंच चढवलं, आणि लाल फौजेच्या पोरी खाली डोकं वर पाय करून मागे मागे पळू लागल्या. मेलेला जमीनदार पुन्हा जिवंत झाला. झेंडासुद्धा उलटा! लोक हसले. हसू काय दाबून दाबलं जातं?

"बरं, राहू द्या," फानचा आवाज एकदम गोड झाला, तशी मास्तरांना जास्तच भीती वाटली. "रीळ वरच्या गावच्या ग्वेलानने पाठवलं ना? दुकानदाराची पोरगी ती, म्हणजे क्रांतीची वैरीच. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही होती का?"

चिठ्ठी मास्तरांच्या खिशात होती. यंत्र बंद केल्यावर डब्याच्या तळाशी सापडलेली. 'वेळ मिळाला नाही, गुंडाळून घ्या.' अक्षर मुंगीएवढं. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. एवढं बारीक का लिहिलं हिने? आपल्या जागेवर डोळा तर नाही? हिला यंत्र शिकवलं ते आपणच. पण हल्ली सख्ख्या भावाचा भरवसा नाही. चिठ्ठी नव्हतीच म्हटलं की आपण सुटलो. पोरगी मात्र श्रमछावणीत सडेल.

"होती," मास्तरांनी चिठ्ठी काढून पुढे केली. "मीच डबा नीट बघितला नाही. चूक माझी."

फानने चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. "इतकं सरळ कोणी बोलत नसतं, मास्तर. आतली गोष्ट काय?"

"आतली नाही नि बाहेरची नाही. एवढंच आहे."

महिन्याभराने तोच बॅले पुन्हा लागला. आता इथलं यंत्र ग्वेलानकडे, आणि मास्तर शिक्षा म्हणून मागे, यंत्राला वीज पुरवणारं पेडल मारायला. खेळ सुरू होण्याआधी ती इकडेतिकडे बघत त्यांच्यापाशी आली.

"मास्तर, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझी चूकच नव्हती, तर कशाला घेऊ?"

"असं कोणी करतं का फुकट? काय हवंय तुम्हाला? आत्ताच सांगून टाका. पुढे कधीतरी मागाल, त्या भीतीने झोप नाही मला."

मास्तरांच्या काळजात चर्र झालं. फानच्या संशयाचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

"काही नको गं पोरी," ते म्हणाले.

तिला ते पटलं नाही. "मी विचारलं हे कुणाला सांगू नका हं," एवढं बोलून ती यंत्रापाशी गेली आणि 'सुरू करा' म्हणून तिने हात वर केला. मास्तर पेडल मारू लागले.