उंदरांना भोपळा

सहाच्या सहा उंदरांच्या आतड्यांत पेशी खच्चून भरलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून मी एक सणसणीत शिवी हासडली.

तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको होतं. पांढऱ्या पेशींना आपल्याकडे यायचा पत्ता आतडंच देतं, आणि तो द्यायला त्याला अ जीवनसत्त्व लागतं. या उंदरांच्या खाण्यातून मी ते सोळा आठवडे काढून टाकलं होतं. त्यावर माझी पीएचडी उभी होती.

"पिंजऱ्यांची अदलाबदल केलीस," खोन केनमधले माझे गाईड आचान थानित, म्हणजे थानित सर, म्हणाले. "एवढंही धड जमत नाही तुला, फाई?"

मी तणतणत प्राणिघरात गेले. पा लामदुआन पिंजरे घासत होती. बावीस वर्षं तिचं हेच काम. आम्ही सगळे तिला पा, म्हणजे मावशी, म्हणायचो.

"पा, खरं सांग. माझ्या उंदरांना काय घातलंस?"

"भोपळा," ती म्हणाली. "दर आठवड्याला, वान फ्राच्या पवित्र दिवशी, विहारातून आल्यावर. तुम्ही मारणारच त्यांना. सणावाराला एक गोड घास नको द्यायला? पुण्य लागतं."

"पुण्य? भोपळ्यात अ जीवनसत्त्वच असतं! माझी तीन वर्षं मातीत घातलीस तू! कुणाला विचारून?"

तिने ब्रश आपटला. "माझ्यावर ओरडू नकोस! डोळे चिकटले होते त्यांचे, उघडत नव्हते. तू एकदा तरी वाकून पाहिलंस? आणि विचारायचं काय त्यात? दर वेळी लिहून ठेवलंय."

दारामागची वही तिने माझ्या छातीवर ढकलली. पानापानावर तिचं वाकडंतिकडं अक्षर होतं. 'डोळे चिकटले. भोपळा दिला, उकडून.' त्याखाली छापलेलं 'नोंद वाचली', आणि त्यापुढे माझी सही. सोळा पानं, सोळा सह्या. दर शुक्रवारी घरी निघायच्या घाईत, डोक्यावर हेल्मेट चढवूनच मी त्या ठोकत आले होते.

वही घेऊन मी आचानकडे गेले. त्यांचा चेहरा खुलला.

"मग प्रश्नच मिटला! तक्रार लिही तिच्यावर. चूक प्राणिघराची ठरली की तुला नवे उंदीर आणि वर्षभराची मुदत मिळेल."

"आणि तिला?"

"काढतील. कंत्राटी बाई आहे. वहीचं मी बघतो."

त्यांनी अर्ज पुढे सरकवला. रागाने माझे कान तापले होते. पा लामदुआनचा राग येत होता, वर येऊन एक शब्द सांगितला असता तर तिचं काय गेलं असतं? आचानच्या त्या हसण्याचा येत होता. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. अर्जात एक रकाना होता: 'हा प्रकार आपणास केव्हा कळला?'

मी पहिल्या सहीची तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'माझ्या सहीची सोळा पाने सोबत जोडली आहेत.'

आचाननी ते वाचलं. "डोकं फिरलंय का तुझं? ही तारीख दिलीस तर मुदत विसर. बोऱ्याबिस्तरा आवरून घरी जावं लागेल."

"जाईन," मी ओरडलेच. आणि अर्ज ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, मग सही केली.