स्कार्फचं तेज

राजापेठेत शिकवण्या घेणारी माधवी रोज सकाळी आरशापुढं ठाण मांडायची. फेसवॉश, टोनर, सीरम, क्रीम, वर सनस्क्रीन. एवढं थापून झालं, की उन्हाच्या धाकानं डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ गुंडाळायची अन् स्कूटी काढायची.

एकदा स्कार्फ धुवायला टाकला होता, म्हणून ती उघड्या तोंडानं भाजीला गेली. रोजच्याच भाजीवाल्या गोदाबाईनं निरखून विचारलं, "नव्याच राहाले आल्या का जी मॅडम इकडं?"

घरी येऊन माधवीनं ठरवलं, आता तोंड धुवायचं अन् एकच क्रीम लावायचं. कारण इतक्या वर्षांत चेहरा होता तसाच राहिला होता, अन् दोरीवर वाळणारा मेला स्कार्फ मात्र लोण्यासारखा मऊ झाला होता.