पेनाची रेघ

मिठागरांच्या त्या रणात, खाऱ्या वाळवंटात, वशरामच्या पायांची ख्याती होती. तीस वर्षं खारट वाफ्यात दंताळं ओढून ते असे निबर झाले होते की काच घुसली तरी गडी तोंडातून ब्र काढत नसे. म्हणूनच आरोग्यसेविका लाभूबेन त्या सकाळी त्याच्या झोपडीतून कण्हणं ऐकून सायकलवरून उतरली.

पोटरीवर कालचा ओरखडा आणि भोवती तळहाताएवढी लाली, बस्स. अंग मात्र तापाने भाजत होतं.

"हात लावू नकोस!" वशराम ओरडला.

"अजून लावलाच नाही, भाई," लाभू म्हणाली आणि वाकून पोटरी निरखू लागली. जखम चिमूटभर अन् दुखणं मणभर, तर कातडीखाली मांस सडतंय असं समजा, हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चारदा बजावलं होतं. काट्याचा नायटा व्हायला तरी वेळ लागतो. याला तोही लागत नाही.

"मीठ झोंबलंय, दुसरं काय! हळद लावलीय," त्याची बायको मोंघी म्हणाली.

"चार दिवसांनी मीठ काढायचंय, बेन," वशराम म्हणाला. " ओरखड्यासाठी दवाखान्यात गेलो तर अख्खं रण हसेल."

लाभूला संताप आला. मरणाला भीत नाहीत, हसण्याला भितात मेले! तिने पेन काढून लालीच्या कडेकडेने रेघ ओढली.

"अर्धा तास थांबते. लाली रेघेच्या आत राहिली, तर तुझ्या वाफ्यात दंताळं मी ओढीन. बाहेर गेली, तर मुकाट्याने उठायचं."

"ओढशील! कंबर मोडेल तुझी," वशराम हसायला गेला आणि कळवळला.

लाभू तिथेच ठाण मांडून बसली. मोंघीने चहा उकळला, बशीत ओतला आणि बशी हातात धरून तशीच थांबली. लाली रेघ ओलांडून बोटभर वर चढली होती. मधली कातडी जांभळी पडत होती.

वशरामने उठायला हात पुढे केला. तो घाबरला होता.

शेजारी पाण्याचा टँकर उभा होता; लाभूने वशरामला त्यातूनच न्यायचं ठरवलं. "पाच घरांचं पाणी राहिलंय," ड्रायव्हर कुरकुरला.

"पाणी उद्या मिळेल. हा माणूस मिळणार नाही. चल!"

शहरात तीनदा ऑपरेशन झालं. सडलेलं मांस काढलं, मांडीची कातडी पोटरीला लावली. पाय वाचला, माणूसही.

वैशाखात लाभू पुन्हा तिकडे गेली, तेव्हा वशराम लंगडत दंताळं ओढत होता. झोपडीच्या खांबाला मोंघीने सुतळीने एक पेन टांगलं होतं. शेजारच्या सातही झोपड्यांत तसंच. त्या आठ घरांत लिहिता येणारं एकही माणूस नव्हतं.